उंदरांनी न कुरतडलेली केबल

आमच्याकडे केबल बोटांनी मागतात. गिऱ्हाईक दुकानात येतं, काउंटरवर हात टेकतं आणि करंगळी वर करतं. "एवढी पाह्यजे." जरा ऐपतदार असलं की अंगठा दाखवतं. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेत नवा बंगला बांधणाऱ्या एका निवृत्त साहेबांनी तर मनगट पुढं केलं होतं. कशासाठी, तर दारावरच्या बेलसाठी. "मजबूत काम करा, पुन्हा पाहणं नको," म्हणाले. त्या मनगटातून अख्ख्या वॉर्डाच्या बेल वाजल्या असत्या.

बोटाचं माप खोटं असतं, हे मी आयुष्यभर सांगत आलोय. वरून जाड दिसतं ते प्लास्टिक. वीज जाते ती आतल्या तारेतून, आणि ती तार कापल्याशिवाय दिसत नाही. तारेच्या कापलेल्या तोंडाचं चौरस मिलिमीटरमधलं क्षेत्रफळ हा केबलचा खरा नंबर. एकची, दीडची, अडीचची, चारची, सहाची, मग एकदम दहाची. मधली मापं नसतात. आर्वीच्या एका कापूस व्यापाऱ्याला हे मान्यच नव्हतं. शेजाऱ्याकडे सहाची आहे, म्हणजे आपल्याला आठची हवी. आठची निघतच नाही म्हटलं, तर म्हणाला, "तुह्याकडे नसंन. नागपूरले भेटते." नागपूर फिरून आला आणि दहाची घेऊन गेला. आजही सगळ्यांना सांगतो की आठची मिळत होती, आपणच नाही घेतली.

पिपरी मेघेत माझं इलेक्ट्रिकचं छोटं दुकान आहे, पण अर्धं आयुष्य शिडीवर गेलं. तसा मी कमी बोलणारा. शिडीवरच्या वायरमनच्या तोंडात एखादा स्क्रू धरलेला असतो, आणि स्क्रू तोंडात असला की माणसाला उत्तरं द्यावी लागत नाहीत. ही सोय मला फार लवकर कळली. पुढं पुढं तर जमिनीवर उभा असतानाही, अवघड प्रश्न येताना दिसला की मी खिशातला स्क्रू काढून तोंडात धरायचो. लोक म्हणत, माणूस कामात गढलाय.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी यंदा सांगितलं, 'योग्य केबल कशी निवडावी यावर सर्वसामान्यांसाठी लिहा.' लिहितो. पण या विषयावर लिहायचं तर सेलूच्या चक्कीबद्दल लिहावं लागतं, आणि सेलूच्या चक्कीबद्दल लिहायचं तर तोंडातला स्क्रू काढावा लागतो.

सेलूला माझी मोठी बहीण शोभाताई राहते. भाऊजींची शेती आहे, किराण्याचं दुकान आहे. भाऊजी माणूस दिलदार, पण त्यांचा एक नेम आहे. ते काहीही कापत नाहीत. नवी पँट लांब झाली तर आतून दुमडून घालतात. बागेला पाणी द्यायचा पाइप अंगणापेक्षा दुप्पट लांब आहे, उरलेला वेटोळं करून ठेवलेला. "कापलं का गेलं," असं त्यांचं म्हणणं. "उद्या लागलं तं कुठून आनसीन?" टीव्हीवरचा किमतीचा स्टिकरसुद्धा त्यांनी अजून काढलेला नाही.

ताईनं दहाएक वर्षांपूर्वी तिखट-मसाल्याची चक्की टाकायचं ठरवलं. घरामागच्या सांदवाडीत, म्हणजे मागच्या मोकळ्या आवारात, टिनाचं शेड उभं केलं. तीन हॉर्सपॉवरची मोटर आली. केबल कोणती घ्यायची, हे मी सांगणार होतो. पण मी पोचलो तेव्हा भाऊजी ओसरीत केबलचं नवंकोरं बंडल मांडीवर घेऊन बसले होते. नागपूरहून स्वतः आणलेलं.

"पाह्य साळेबुवा! अख्खं बंडल. तुमच्या दुकानात एवढ्यात अर्धंही येत नाई."

मी पाहिलं. अॅल्युमिनियमची, अडीचची. बाहेरून मात्र चांगली अंगठ्याएवढी जाड.

आता इथं वाचकांना थोडं शिकवतो, नाहीतर संपादक रागावतील. केबल निवडताना दोन प्रश्न विचारायचे. एक, पलीकडचं यंत्र किती वीज ओढतं? दोन, ते किती लांब आहे? पहिला प्रश्न सगळे विचारतात. दुसरा कोणी विचारत नाही. शेतातल्या स्प्रिंकलरचं उदाहरण घ्या. बारीक पाइपनं लांबच्या कोपऱ्यात पाणी नेलं तर पाइप फुटत नाही, पण शेवटच्या टोकाला फवारा उडण्याऐवजी पाणी नुसतं लोळतं. विजेचं तसंच आहे. लांब आणि बारीक केबल जळेलच असं नाही. ती विजेचा दाब वाटेतच खाते आणि टोकाला अशक्त वीज देते. बिचारी मोटर तेवढ्याच कामासाठी मग जास्त करंट ओढते, तापते, आणि एक दिवस जळते. म्हणजे दोष केबलचा आणि मरण मोटरचं. त्यात तांब्याच्या तुलनेत अॅल्युमिनियम वीज कमी वाहतं, म्हणून ते घ्यायचं तर आणखी जाड घ्यावं लागतं.

भाऊजींचं मीटर रस्त्याच्या बाजूला, शेड पार मागं. तिथं तांब्याची सहाची पाहिजे होती. हे एक वाक्य होतं. पण आमच्या घरात जावयासमोर अशी वाक्यं बोलत नाहीत. आमच्याकडे जावयाच्या भाजीत मीठ जास्त झालं तर जावई पुन्हा भाजी मागतो आणि आम्ही पुन्हा तीच वाढतो. माझ्या वडिलांनी भाऊजींना एकदाही 'नाही' म्हटल्याचं मला आठवत नाही, आणि मी तर वडिलांहून भित्रा.

मी स्क्रू तोंडात धरला आणि केबल टाकली.

शेडपर्यंत बंडल निम्मंच लागलं. मी पक्कड काढली तसे भाऊजी धावून आले. "कापू नको, कापू नको! शेड पुढंमागं सरकवलं तं?" म्हणून उरलेलं बंडल तसंच वेटोळं करून मिरच्यांच्या पोत्यांवर एका टोपल्यात ठेवलं, आणि त्याच्या शेवटच्या टोकाला मोटर जोडली. म्हणजे वीज मीटरपासून शेडपर्यंत यायची, टोपल्यात शिरायची, सगळी वेटोळी फिरायची आणि मग मोटरकडे जायची. सेलूहून वर्ध्याला जायचं आणि वाटेत भलत्या दिशेचं आर्वी करायचं, तसं.

थंडीचे दिवस होते. बटण दाबलं. मोटर पोटात कळ आल्यासारखी कण्हली, विचारात पडली आणि मग फिरली.

"जमलं नं?" भाऊजींनी विचारलं.

"हूं," मी म्हणालो. स्क्रू तोंडात होताच.

पुढच्या खेपेला गेलो तर ताईची पांढरी-काळी मांजर त्या टोपल्यात, केबलच्या वेटोळ्यावर, पाय पोटाशी घेऊन झोपलेली. भाऊजी कौतुकानं म्हणाले, "रोज तिथंच बसते. लक्ष्मीचं पाऊल समजा." मी मांजर उचलून बाजूला ठेवली आणि केबलला उलटा हात लावून पाहिला. चक्की सकाळपासून चालू होती. वेटोळं चांगलं गरम लागत होतं. मोकळी टाकलेली केबल तापली तर वाऱ्यानं निवते, गुंडाळलेलीला निवायला जागा नसते. तिखट दळण्यासाठी घेतलेल्या विजेवर मांजर शेकत होती. सेलूत त्या दिवशी केबलची तपासणी करू शकणारे दोघंच होतो, मी आणि ती. तिनं आपला अहवाल वेटोळ्यावर झोपून जाहीर केला होता. मी मांजर पुन्हा जागेवर ठेवली आणि चहा प्यायला गेलो.

होळी झाली. गावात कूलर लागले. वर्ध्याकडचा उन्हाळा ज्यांना माहीत आहे त्यांना कूलर लागणं म्हणजे काय ते सांगायला नको. सगळ्या गल्लीतली वीज अर्धमेली होते. आणि ताईचा खरा हंगाम तोच. वर्षभराचं तिखट करून ठेवायला बायका पोती घेऊन येतात. भर हंगामात मोटर जळली.

मोटरची वाइंडिंग करणारा मिस्त्री आला. काळं पडलेलं तांबं त्यानं बोटावर घासलं आणि म्हणाला, "ओव्हरलोड. माल एकदम टाकला जाऊन राह्यला."

भाऊजींनी ताईकडे बोट केलं. "मी सांगतच होतो. हिचा हातच जड हाय. भसाभस टाकते. पोह्यात मीठ असंच, अन् चक्कीत मिरच्या अशाच."

मिरच्या घेऊन आलेल्या बायका हसल्या. ताई हसली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. घरात केबलमधलं कळणारा मीच होतो, भाऊ होतो, आणि समोर उभा होतो. टोपल्यात मांजर होती.

मी म्हणालो, "थोडं थोडं टाकत जा, ताई."

गप्प बसलो असतो तर आज एवढं लिहावं लागलं नसतं. गप्प बसायची तर मला सवयच आहे. नेमकं त्या दिवशी बोललो.

ताईनं स्वयंपाकघरातून स्टीलची एक वाटी आणली. त्या दिवसापासून ती चक्कीत मिरच्या वाटी-वाटीनं टाकू लागली. पहिली वाटी टाकायची, मोटरकडे कान द्यायची, मग दुसरी. आणि तरीही मोटर पुन्हा जळली. तेव्हा भाऊजी काही बोलले नाहीत. ताईच म्हणाली, "वाटी मोठी झाली असंन."

ते ऐकून मी काहीतरी करायचं ठरवलं. पण म्हणून मी खरं बोललो, असं समजू नका. मी उंदीर झालो.

ताई-भाऊजी एका लग्नाला गेले होते आणि घराची किल्ली माझ्याकडे होती. शेडमध्ये बसून मी बारीक पकडीनं केबल जागोजागी चावली. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. पक्कड सरळ कापते आणि उंदीर वाकडं. शेवटी कानस घेऊन कडा खडबडीत केल्या. लायसन्स असलेला माणूस शेडमध्ये उकिडवा बसून उंदराचे दात कोरतोय, हे दृश्य कोणी पाहिलं असतं तर माझं लायसन्स गेलं असतं ते वेगळंच.

भाऊजी परत आल्यावर मी चेहरा लांब करून त्यांना शेडमध्ये नेलं. त्यांनी चष्मा लावला. खुणा निरखल्या. दाद दिल्यासारखे म्हणाले, "उंदीर नाई हा. घूस हाय. दात पाह्य तिचे!"

"पूर्ण केबल बदलावी लागंन, भाऊजी."

"मंग बदल. चांगली टाक, घुशीले चावता नाई येनार अशी."

अशी तांब्याची सहाची केबल आली. यावेळी कापू दिली, कारण उरलेली केबल घूस खाते, हे त्यांना पटलं होतं. मोजून मापून, सरळ, पाइपातून नेलेली. मोटर बटण दाबताच फिरली. त्यानंतर आजपर्यंत ती जळलेली नाही.

पण या खोट्यात दोन जीव अडकले, आणि त्याचा विचार मी केला नव्हता.

एक मांजर. भाऊजींच्या डोक्यात हिशेब सरळ होता. घरात मांजर असताना घूस केबल खाऊन जाते, म्हणजे मांजर कामाची नाही. कालपर्यंतची लक्ष्मी एका दिवसात 'फुकटखाऊ' झाली. तिचं टोपलं गेलं, दूध गेलं. भाऊजींनी पिंजरे आणले, एरंडीच्या तेलाचे बोळे ठेवले, बिळं शोधायला शेडची फरशी उकरली. कधीच न आलेल्या घुशीची वाट ते अजून पाहतात. मी गेलो की विचारतात, "साळेबुवा, तिकडं पिपरीले घुशी कशा हायेत?" मी सांगतो, "आहेत, भाऊजी." मांजर ताईच्या पदराआड चोरून जगली. आता तिची नात आहे घरात. तिलाही फुकटखाऊच म्हणतात. तिला हे नाव वारशानं आलं.

आणि दुसरी ताई. केबल बदलली त्याच आठवड्यात तिनं स्टीलचीच अजून लहान वाटी घेतली होती. मोटर जळायची थांबली, याचं श्रेय सगळ्यांनी त्या वाटीला दिलं. "हात सुधरला हिचा," भाऊजी पाहुण्यांना सांगत. तिच्या चक्कीसमोर बायका ताटकळत. एका पोत्याला जिथं थोडा वेळ लागावा तिथं अर्धी सकाळ जाई. पुष्कळ जणी दुसरीकडे वळल्या. मी दर खेपेला पाहायचो. वाटी, कान, वाटी, कान. घरातही ती पोह्यात मीठ चिमटीनं टाकू लागली होती. पोहे अळणी लागायचे आणि मी दुसऱ्यांदा मागून खायचो.

यंदा पोळा झाल्यावर ताईचा फोन आला. तिच्या बचत गटाला मोठं काम मिळत होतं. वर्ध्यातल्या काही खाणावळींना वर्षभर तिखट, हळद, धणेपूड पुरवायची. चक्की ताईची.

"वा! मग?"

"मंग काय? नाई म्हनते मी. गटाच्या अध्यक्षांले सांगतलं, उद्याच्या बैठकीत दुसरीची चक्की पाहा."

"काऊन?"

"एवढा माल वाटी-वाटीनं होते काय? अन् भराभर टाकलं तं मोटर जाईन, साऱ्या गटाचं नुकसान. माहा हात जड हाय, भाऊ. तुले तं माहीतच हाय."

मला माहीतच होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान बंद ठेवून सेलूची बस धरली.

भाऊजी ओसरीत पेपर वाचत होते. ताई शेडमध्ये होती, धण्याचं एक टोपलं पुढ्यात आणि हातात ती वाटी. मी भाऊजींना म्हटलं, "जरा मागं चला." ते आले. मला वाटतं त्यांना घूस सापडल्याची आशा होती. खिशात हात गेला, स्क्रू हाताला लागला. तो मी चक्कीच्या कठड्यावर ठेवून दिला.

"ताई, तुझा हात जड नाही. कधीच नव्हता. भाऊजींनी आणलेली केबल बारीक होती. उरलेलं बंडल टोपल्यात ठेवलं होतं ना, ते तापायचं. म्हणून मांजर बसायची. मोटर त्यानं जळली. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

मग भाऊजी म्हणाले, "अन् घुशीनं खाल्ली ते?"

"घूस नव्हती, भाऊजी. मी होतो."

भाऊजींनी माझ्या दातांकडे पाहिलं. खरंच पाहिलं.

"पकडीनं," मी म्हणालो. "आणि कानशीनं."

"मले काऊन नाई सांगतलं बे?" एवढ्या वर्षांत भाऊजींनी मला पहिल्यांदा 'बे' म्हटलं. साळेबुवापेक्षा ते बरं वाटलं. "म्या काय खाल्लं असतं तुले? फरशी उकरली म्या इथची!"

"तुम्ही जावई..."

"जावई गेला खड्ड्यात! केबलचं मले कायचं समजते? तुले वायरमन म्हनून बोलावलं का पाहुना म्हनून?"

आज लिहिताना वाटतं, माझ्या धंद्यातला हा तिसरा प्रश्न आहे. यंत्र किती ओढतं, किती लांब आहे, आणि गिऱ्हाइकासमोर तोंड उघडायची तुमची तयारी आहे का. पहिल्या दोन्हींसाठी तक्ते छापलेले मिळतात.

ताईनं अजून माझ्याकडे पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "'थोडं थोडं टाकत जा' म्हने."

"हो."

"बायांसमोर."

"हो, ताई."

"मोटर तिकडून जळे, अन् मी वाट्या मोजत बसली." ती उठली. चक्कीचं बटण दाबलं. मोटरनं वेग घेतला. तिनं वाटी बाजूला ठेवली, टोपलं दोन्ही हातांनी उचललं आणि क्षणभर थांबली. तिचे खांदे वर चढले होते. मोठा आवाज होणार असेल तेव्हा माणूस चढवतो तसे. मग तिनं अर्धं टोपलं एकदम चक्कीच्या तोंडावरच्या पेटीत ओतलं.

मोटरचा आवाज खाली गेला. तिघंही मोटरकडे कान देऊन उभे. धंदा माझा, केबल माझी, तरी माझा हात बटणाकडे गेला. आवाज सावरला, वर आला आणि एकसारखा चालू राहिला. खालच्या पोत्यात धणेपूड धो धो पडायला लागली.

ताईनं उरलेलं टोपलंही ओतलं. आवाज पुन्हा जरा दबला, पुन्हा उठला. तिनं दुसऱ्या टोपल्याला हात घातला. तेही ओतलं. भाऊजींनी तोंडाला रुमाल लावला आणि रुमालातून म्हणाले, "बस कर वं, पोतं फुटंन." ती थांबली नाही. माल संपेपर्यंत चक्की चालली आणि संपल्यावरही तिनं लगेच बंद केली नाही. रिकामी चक्की थोडा वेळ तशीच फिरू दिली.

मग फोन काढून गटाच्या अध्यक्षांना म्हणाली, "काल म्हनलं ते राहू द्या. चक्की माहीच लावा."

फोन ठेवून तिनं ती स्टीलची वाटी उचलली आणि माझ्या हातात दिली. "घासून आन."

मी नळावर गेलो. वाटी आतून इतक्या वर्षांचं तिखट मुरून लालसर झाली होती. राखेनं घासली, आणून दिली. ताईनं नाकाशी नेली. "तिखट हाय अजून. नीट घास."

पुन्हा घासली. बोटं चुरचुरायला लागली. परत आणली.

"कायले पाह्यजे एवढी स्वच्छ?" भाऊजींनी विचारलं. ते आता उंबऱ्यावर बसले होते आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर मांजरीची नात बसली होती. दोघंही एकमेकांकडे न पाहता बसले होते.

"तिले दूध द्याचं हाय," ताई म्हणाली.

भाऊजी मांजरीकडे वळले. काही बोलावं असं त्यांना वाटत असावं, पण जावयांना माफी मागायची सवय नसते. ते उठले, आत गेले आणि दुधाचं पातेलं घेऊन आले. अख्खं.

ताईनं वाटी पुन्हा नाकाशी नेली, आणि मान हलवली.

"अजून वास येते. आनखीन घास."

मी नळावर परत गेलो.